चार कानांतलं गुपित

मराठीत एखादी गोष्ट फुटली की ती षट्कर्णी झाली असं म्हणतात. दोघांत असते तोवर गोष्ट चार कानांत राहते. तिसरा आला की कान सहा होतात आणि मग तिला आवर घालता येत नाही. दवाखान्यात हा हिशेब पहिल्याच मिनिटाला चुकतो. तालुक्याच्या गावातली कुठलीही ओपीडी घ्या. डॉक्टरांसमोर स्टुलावर सून बसलेली असते, तिच्या पाठीशी सासू उभी. दारात पुढच्या नंबरचा माणूस एक पाय आत टाकून ताटकळलेला. तपासणीच्या टेबलाचा पडदा अर्धाच सरकलेला. "पाळी शेवटची कधी आली?" हा प्रश्न सगळे ऐकतात. उत्तर सून देत नाही, सासू देते. यात कुणाचाही हेतू वाईट नसतो. डॉक्टरांना अजून पुष्कळ पेशंट बघायचे असतात, सासूला काळजी असते आणि सुनेला एकटीने बोलायची सवय नसते. तरी तिला जे खरं सांगायचं होतं ते त्या दिवशी केसपेपरवर येत नाही आणि निदान तेवढ्यापुरतं अपुरं राहतं.

वैद्यकीय गोपनीयता म्हटलं की हल्ली संगणकातून चोरीला गेलेली माहिती आठवते. ती काळजी खरी आहे आणि तिच्याकडे शेवटी येऊच. पण आपल्याकडे रुग्णाचं गुपित आधी फुटतं ते घरच्या माणसांसमोर, वॉर्डात, केसपेपरच्या खिडकीवर. गेल्या तीन-चार दशकांत याविषयीचे नियम, निवाडे आणि कायदे पुष्कळ वाढले. त्यांतले बहुतेक डॉक्टर आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये भिंत घालतात. रुग्ण आणि त्याचे आप्त यांच्यामधल्या दाराबद्दल ते कमी बोलतात, आणि जिथे बोलतात तिथे ते दवाखान्यापर्यंत पोचलेलं नाही. या सगळ्या पसाऱ्यातून जाताना एक प्रश्न हातात धरला तर वाट सापडते: गुपित कुणाचं? ते रुग्णाचं असेल, तर कुणाला सांगायचं हे तोच ठरवणार आणि खुद्द त्याच्यापासून ते लपवायचा हक्क कुणाला उरत नाही. या उत्तराचे हे दोन्ही भाग सारख्याच मोलाचे आहेत. आपण दोन्हींत कमी पडतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दीक्षा देताना गुरू जी बंधनं घालतो, त्यांत रुग्णाच्या घरातल्या गोष्टी बाहेर नेऊ नयेत असं स्पष्ट सांगितलं आहे. त्याच ठिकाणी असंही म्हटलं आहे की रुग्णाचं आयुष्य सरत आल्याचं वैद्याला कळलं, तरी ते सांगून रुग्णाला किंवा इतरांना धक्का बसणार असेल तर तिथे ते बोलू नये. या दोन बंधनांत आपली आजची सवय जवळजवळ जशीच्या तशी दिसते. घराबाहेर शब्द जाऊ द्यायचा नाही आणि घरात काय बोलायचं ते वैद्याने प्रसंग पाहून ठरवायचं. गुपित घराण्याचं मानलं गेलं. एका माणसाचं, घरच्यांपासूनही वेगळं असं गुपित असू शकतं हा विचार आपल्याकडे उशिरा आला आणि तोही न्यायालयाच्या पायऱ्या चढून आला.

सध्या डॉक्टरांना लागू असलेली आचारसंहिता भारतीय वैद्यक परिषदेने २००२ मध्ये केलेली आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवी नियमावली आणली, पण जेनेरिक औषधांवरून आणि औषध कंपन्यांच्या पाहुणचारावरून तिच्यावर एवढा वाद झाला की तीन आठवड्यांत ती स्थगित झाली आणि २००२ चेच नियम पुन्हा लागू झाले. या नियमांनुसार व्यवसाय करताना कळलेलं रुग्णाचं गुपित तीनच वाटांनी बाहेर जाऊ शकतं: न्यायाधीशांच्या आदेशावरून न्यायालयात; एखाद्या ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तेव्हा; आणि जे आजार कळवणं बंधनकारक आहे त्यांच्या बाबतीत. या यादीत नवरा नाही, सासू नाही, मुलगा नाही, कंपनीचा मॅनेजर नाही. रुग्णाने स्वतः होकार दिला तर गोष्ट वेगळी. पण आपल्याकडे हा होकार विचारला जात नाही, धरून चालला जातो. सोबत आलेला माणूस म्हणजे सांगायला हरकत नसलेला माणूस, हे समीकरण कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही.

त्याचा सगळ्यात अवघड प्रसंग कर्करोगाच्या निदानाचा. "डॉक्टर, रिपोर्ट आधी आम्हाला सांगा, बाबांना काही कळू देऊ नका." मुलगा आत येतो, बाबा बाहेर बाकावर बसतात. ही माया खोटी नसते. बापाने खचून जाऊ नये, जेवण सोडू नये, एवढंच त्याला हवं असतं. पण केमोथेरपीच्या वॉर्डात बसलं की शेजारच्या खाटेवरचा माणूस सहज विचारतो, "तुमचा कुठला?" आणि बाबांना कळायचं ते कळतं. मग मुलगा बापापासून लपवतो, आपल्याला कळलंय हे बाप मुलापासून लपवतो आणि उरलेले महिने दोघेही नाटक सांभाळत काढतात. जमिनीचे कागद, धाकट्या मुलीचं लग्न, वीस वर्षं अबोला धरलेल्या भावाला एकदा भेटणं, हे सगळं राहून जातं. शुद्धीवर असलेल्या प्रौढ माणसाचं निदान त्याला न विचारता आधी मुलाला सांगणं हा गोपनीयतेचा भंग आहे, हे वाक्य कठोर वाटेल. मला ते खरं वाटतं. यावरचा उपाय पहिल्या भेटीतच करता येतो: "तुमचे रिपोर्ट आले की ते तुम्हालाच सांगू, की सोबत आणखी कुणाला बोलावू?" काही जण सांगतील, "माझ्या लेकालाच सांगा, मला काही नको." तोही त्यांचा हक्क आहे. एका ओळीत केसपेपरवर लिहून ठेवला की पुढच्या डॉक्टरलाही कळतो.

संमतीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ ला समीरा कोहली यांच्या खटल्यात हाच धागा धरला. दिल्लीत १९९५ मध्ये ४४ वर्षांच्या अविवाहित बाई तपासणीपुरत्या लॅपरोस्कोपीसाठी भूल घेऊन टेबलावर होत्या. बाहेर बसलेल्या त्यांच्या वृद्ध आईकडून सही घेतली गेली आणि गर्भाशय व बीजांडकोश काढून टाकले गेले. डॉक्टरांचा हेतू बरा करण्याचा होता, हे न्यायालयानेही मानलं. तरी निकाल स्पष्ट आला: सज्ञान रुग्ण काही तासांनी शुद्धीवर येऊन स्वतः उत्तर देऊ शकत असेल आणि जीव धोक्यात नसेल, तर आईची संमती चालत नाही, आणि तपासणीला दिलेला होकार म्हणजे उपचाराला दिलेला होकार नव्हे. नुकसानभरपाई फक्त २५,००० रुपये मिळाली. पण उपचार काय, कशासाठी, पर्याय कोणते, धोके कोणते, नाही म्हटलं तर काय होईल, हे रुग्णाला कळेल अशा रीतीने सांगितल्याशिवाय संमती खरी नाही, हा दंडक त्या निकालाने घालून दिला. तरीही अनेक ठिकाणी ॲडमिशनच्या वेळी इंग्रजीत छापलेल्या कोऱ्या फॉर्मांवर नातेवाइकांच्या सह्या एकगठ्ठा घेतल्या जातातच.

गर्भपाताच्या बाबतीत तर कायद्याने याहून पुढचं पाऊल १९७१ मध्येच टाकलं आहे. सज्ञान बाईची स्वतःची लेखी संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. मागतात ती रुग्णालयं, पुढे भानगड नको म्हणून. संमतीचा फॉर्म पाकिटात घालून, सीलबंद करून, त्यावर 'गुप्त' असं लिहून ठेवायचा, नोंदवही गोपनीय दस्तऐवज म्हणून कुलपात ठेवायची, इतका बारीक विचार या कायद्याच्या नियमावलीत आहे. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भपात करवून घेतलेल्या बाईचं नाव किंवा तपशील अधिकार नसलेल्या कुणालाही सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद केली. एवढा कडक कायदा आहे, आणि मेडिकलच्या काउंटरवर गोळ्या घेताना मात्र तिलाच मोठ्याने विचारलं जातं, "लग्न झालंय का?"

गावात फॅमिली डॉक्टरला आणखी एक परीक्षा द्यावी लागते, ती लग्नसराईत. कुणीतरी पाहुणा सहज चहाला म्हणून येतो आणि निघताना विचारतो, "अमक्यांच्या मुलीचं आमच्याकडे बोलणं चाललंय. तिला फिट-बिट येतात का हो?" अपस्मार हा आजार हिंदू विवाह कायद्यात विवाहाला बाध आणणाऱ्या कारणांत होता, १९९९ च्या दुरुस्तीने तो काढला गेला. समाजाच्या मनातून तो निघालेला नाही. इथे "मला माहीत नाही" म्हणणं खोटं ठरतं आणि "मी सांगणार नाही" म्हटलं की पाहुणा अर्थ काढतो. जे जाणते डॉक्टर हे निभावतात ते सगळ्यांनाच सारखं उत्तर देतात. आजार नसलेल्यांबद्दलही ते काही सांगत नाहीत. त्यामुळे त्यांच्या नकारातून काहीच कळत नाही. माझ्या मते एवढी साधी आणि पक्की रीत दुसरी नाही.

गुपित फुटलं तर माणसाचं काय होतं, हे या देशाला एचआयव्हीने दाखवलं आणि त्याची सुरुवात गोव्यात झाली. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून एचआयव्हीबाधितांना वेगळं ठेवण्याची तरतूद केलेली होती. फेब्रुवारी १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाला त्याखाली ताब्यात घेऊन म्हापशाच्या जुन्या, वापरात नसलेल्या क्षयरोग रुग्णालयात एकट्याला ठेवलं गेलं. तो नियमाने रक्तदान करणारा माणूस होता आणि त्याच रक्ताच्या तपासणीतून हे निघालं होतं. ६४ दिवस तो तिथे राहिला. त्याची आई ल्युसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे गेली. डिसेंबर १९८९ मध्ये न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. समाजाच्या हितापुढे एकाचं स्वातंत्र्य गौण, असा त्या निकालाचा रोख होता. सुटून आल्यावर डॉमिनिकने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. आज वाचताना मन अडतं ते याच्यापाशी, की हा आजार हवेतून, स्पर्शातून पसरत नाही हे तेव्हाही वैद्यकाला माहीत होतं. शास्त्र हाताशी असताना भीतीने कायदा लिहिला.

१९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेच वेगळा सूर लावला. एचआयव्ही असल्यामुळे काम नाकारलेल्या एका मजुराच्या खटल्यात न्यायालयाने त्याला खरं नाव न देता, नुसत्या अक्षरांनी लढू दिलं. काम करण्याची क्षमता असलेल्या माणसाला केवळ या कारणाने नोकरी नाकारता येत नाही, असं म्हटलं. नाव उघड होण्याच्या भीतीने किती जण कोर्टात जातच नसतील, हे त्या न्यायाधीशांनी ओळखलं होतं. लगेच पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयासमोर आला तो नागालँडच्या आरोग्यसेवेतल्या एका डॉक्टरचा खटला. नातेवाइकाच्या शस्त्रक्रियेसाठी चेन्नईला रक्त द्यायला गेलेल्या या माणसाचा एचआयव्हीचा निष्कर्ष रुग्णालयाकडून फुटला, ठरलेलं लग्न मोडलं, गाव सोडावं लागलं. न्यायालय म्हणालं, होणाऱ्या पत्नीचा जगण्याचा हक्क त्याच्या गोपनीयतेहून मोठा. इथवर तर्क समजतो. पण न्यायालयाने पुढे जाऊन अशा माणसाचा लग्नाचा हक्कच स्थगित आहे असं म्हटलं. ते विधान गरज नसताना केलेलं होतं, हे मोठ्या पीठाने २००२ मध्ये मान्य केलं.

या दोन टोकांमधून वाट काढणारा एचआयव्हीविषयीचा कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. मला हा भारतातला या विषयावरचा सगळ्यात नीट विचार केलेला कायदा वाटतो, कारण जोडीदाराला कधी सांगायचं याच्या पायऱ्या त्याने आखून दिल्या. सांगणारा डॉक्टर किंवा समुपदेशकच हवा; नर्स, लॅबवाला, वॉर्डबॉय नव्हे. जोडीदाराला लागण होण्याचा खरा धोका हवा. आधी रुग्णाला स्वतः सांगण्यासाठी समुपदेशन झालेलं हवं. तो सांगणार नाही अशी खात्री पटलेली हवी. आणि आपण सांगणार आहोत हे त्याला आधी कळवलेलं हवं. मग समोरासमोर, समुपदेशन करून सांगायचं. शिवाय सांगितल्यामुळे, विशेषतः बाईच्या बाबतीत, मारहाण किंवा घराबाहेर काढलं जाण्याची रास्त भीती असेल तर सांगायचंच नाही. हे शेवटचं कलम ज्यांनी लिहिलं त्यांनी नवऱ्याकडून आलेला आजार घेऊन माहेरी परत पाठवलेल्या बायका पाहिलेल्या असणार. घरातल्या घरात फुटलेलं गुपित किती घात करतं, हे मान्य करणारा इतका स्पष्ट मजकूर मला दुसऱ्या कुठल्या कायद्यात दिसत नाही. त्याच्या जवळ जातो तो २०१७ चाच मानसिक आरोग्य सेवा कायदा: त्यात गोपनीयतेचा हक्क आहे, रुग्णाला आपली कागदपत्रं पाहण्याचा हक्क आहे आणि आपल्या वतीने कोण बोलेल तो माणूस रुग्णाने स्वतः नेमायचा आहे. तो भाऊच असला पाहिजे असं नाही.

सरकारला सांगावंच लागतं अशा गोष्टींचा भाग वेगळा. क्षयरोग ७ मे २०१२ पासून कळवायचा आजार आहे. खासगी डॉक्टरलाही 'निक्षय' या सरकारी पोर्टलवर नोंद करावी लागते, आणि २०१८ पासून न कळवणाऱ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. हे योग्यच आहे. औषध मध्येच सोडलेला रुग्ण घरातल्या लेकराला धोका असतो. पण कळवायचं ते आरोग्य यंत्रणेला, गल्लीला नव्हे. पोषण आहाराची टोपली देताना एखाद्या तरुण रुग्ण मुलीला मधोमध उभं करून काढलेला फोटो व्हॉट्सॲप गटात फिरतो, तेव्हा मदत करणाऱ्याचं नाव होतं आणि त्या तरुण मुलीचं लग्न अडतं. आशाताई हे बरोबर जाणतात. त्यांतल्या कित्येक जणी गोळ्या पिशवीत खाली ठेवून वर भाजी घालून नेतात.

करोनाने तर हे सारं उघड्यावर आणलं. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात विलगीकरणातल्या लोकांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईचे शिक्के मारले गेले. त्याच आठवड्यात पालघरला शिक्का दिसल्यामुळे चार प्रवाशांना गाडीतून उतरवलं गेलं, म्हणजे शिक्क्याने आपलं काम केलं. पण पुढे दारांवर चिकटवलेल्या पोस्टरांचं काम काय होतं? शेजाऱ्यांनी दूध बंद करणं, कामवालीने येणं सोडणं, पाण्याच्या नळावर भांडणं. ९ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सक्षम अधिकाऱ्याचा विशिष्ट आदेश असल्याशिवाय अशी पोस्टरं लावू नयेत असं सांगितलं. तोवर पहिली लाट ओसरली होती. ताप आला तरी तपासणी न करता घरीच थांबणारी माणसं त्या पोस्टरांमुळे वाढली, असं तेव्हा वॉर्डात काम करणारे अनेक जण सांगत. साथीच्या काळात गोपनीयता सैल करावी लागते हे मान्य. पण ती जेवढी सैल होते तेवढी माणसं यंत्रणेपासून लांब पळतात. मग साथ आवरायची कशी?

डॉक्टरची सगळ्यात जास्त कोंडी होते ती अल्पवयीन मुलीच्या बाबतीत. पोक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलीशी झालेला संबंध पोलिसांना कळवणं बंधनकारक केलं, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंतची कैद. सतरा वर्षांची मुलगी आईसोबत गर्भपातासाठी येते, दोघींनाही पोलीस नको असतात, आणि डॉक्टरने नियम सांगितला की त्या उठून जातात. कुठे जातात, हे प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाला माहीत आहे. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यातून वाट दिली: मुलीने आणि पालकाने विनंती केली तर पोलिसांना द्यायच्या माहितीत डॉक्टरने तिचं नाव आणि ओळख देण्याची गरज नाही, पुढच्या फौजदारी कारवाईतही नाही. हा निकाल छापून प्रसूतिगृहात टेबलाच्या काचेखाली ठेवावा इतका उपयोगी आहे. अजून कित्येक ठाण्यांत तो माहीत नसतो आणि डॉक्टरलाच अधिकाऱ्याला समजावून सांगावं लागतं.

पोलिसांचं पत्र आलं की कागद द्यायचे का, हा रोजचा प्रश्न. २००२ च्या नियमांत एका ठिकाणी न्यायाधीशांच्या आदेशाची अट आहे आणि दुसऱ्या ठिकाणी रुग्ण, त्याने अधिकार दिलेला सोबती किंवा कायदेशीर यंत्रणा यांनी मागितल्यास ७२ तासांत कागदपत्रं द्यावीत असं आहे. या दोन कलमांची नीट सांगड कुणी घातलेली नाही. शहाणे डॉक्टर मागणी लेखी घेतात, गुन्ह्याच्या तपासाला लागेल तेवढंच देतात आणि पोच ठेवतात. वकिलाला अशिलाचं बोलणं न्यायालयातही न सांगण्याचं संरक्षण पुराव्याच्या कायद्याने दिलं आहे. डॉक्टरला ते नाही. न्यायाधीशांनी विचारलं की सांगावं लागतं.

आता सुरुवातीच्या उत्तराचा दुसरा भाग, खुद्द रुग्णापासून त्याचं गुपित न लपवण्याचा, आणि इथे रुग्णालयांवर माझा राग आहे. जी संस्था वॉर्डात चारचौघांत निदान सांगते तीच फाइलची झेरॉक्स मागितली की म्हणते, "कागद गोपनीय आहेत." कुणापासून गोपनीय? मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रघुनाथ रहेजा यांच्या प्रकरणात सांगितलं की रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांना कागदपत्रांच्या प्रती द्याव्याच लागतील, गोपनीयतेचं कारण त्यांना दाखवता येणार नाही. त्यानंतर ७२ तासांचा नियम आला. तरी आजही "साहेब सुट्टीवर आहेत", "रेकॉर्ड रूमची चावी नाही", "आधी बिल भरा" ही उत्तरं मिळतात. आंतररुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवावी लागतात, एवढीच मुदत आहे. चालढकल करत ती सरू देणंही घडतं.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये सतरा हक्कांची रुग्ण हक्क सनद मांडली. तिच्यामागे जन स्वास्थ्य अभियानाची अनेक वर्षांची खटपट होती. तिच्यात कागदपत्रं मिळण्याचा हक्क, गोपनीयतेचा हक्क आणि दुसरं मत घेण्याचा हक्क शेजारी शेजारी आहेत, ते बरं आहे, कारण कागद हातात नसतील तर दुसरं मत कशावर घ्यायचं? केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही. इथे १९४९ चा नर्सिंग होम कायदाच चालतो. जानेवारी २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारून सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं गेलं. गोव्याने २०१९ मध्ये स्वतःचा वेगळा कायदा केला. महाराष्ट्रातली अंमलबजावणी महापालिका आणि जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे आहे, जिच्याकडे माणसं कमी आणि कामं फार. सनद लागते, बऱ्याचदा पाण्याच्या फिल्टरमागे.

गोपनीयतेची ढाल कधी कधी रुग्णही चुकीच्या कामासाठी पुढे करतो. न्यायालयाच्या अवमानाबद्दल २००६ मध्ये महिन्याची कैद झालेले तेव्हाचे मंत्री सुरूपसिंग नाईक यांनी शिक्षेचा बराच काळ जे. जे. रुग्णालयात काढला. माहितीच्या अधिकारात त्यांचे वैद्यकीय कागद मागितले गेले, तेव्हा त्यांनी खासगीपणाचा आधार घेतला. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तो मानला नाही: कैद्याला तुरुंगाऐवजी रुग्णालयात का ठेवलं हे जाणण्यात सार्वजनिक हित आहे, आणि वैद्यक परिषदेचे नियम माहितीच्या अधिकाराच्या कायद्याहून वरचढ नाहीत. निकाल मला पटतो. तो सामान्य कैद्याच्या आजारपणाला लागू करताना मात्र हात आखडता ठेवायला हवा.

नोकरीच्या ठिकाणचं थोडक्यात. रजेच्या दाखल्याचा जो नमुना आचारसंहितेला जोडला आहे त्यातच आजाराच्या नावासाठी रिकामी जागा आहे. गर्भपातासाठी, नैराश्यासाठी रजा घेणाऱ्याने तो कागद वरिष्ठाच्या टेबलावर ठेवायचा? विश्रांतीची गरज किती दिवस आहे हे कळलं की मालकाचं काम भागतं. रुग्णाला विचारून तेवढंच लिहिणं डॉक्टरच्या हातात आहे.

राहिला संगणक. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच्या आधी, डिसेंबर २०१६ मध्ये, मुंबईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे हजारो रिपोर्ट, त्यांत एचआयव्हीचेही, कुणालाही उघडता येतील असे इंटरनेटवर पडलेले सापडले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस सगळं काम हाताने कागदावर करावं लागलं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी दिलेली अठरा महिन्यांची मुदत, असा हा प्रवास आहे. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागेल, म्हणजे मराठीत आणि कोंकणीतही. हे फार चांगलं आहे. दोन गोष्टी खटकतात. २०११ च्या नियमांत आरोग्याची माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी काढली होती, ती कोटीच नव्या कायद्यात नाही. मोबाइल रिचार्जची नोंद आणि मनोविकाराची नोंद एका तागडीत. दुसरं, हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. कपाटावर बांधून ठेवलेल्या केसपेपरच्या गठ्ठ्यांना तो लागू नाही. त्या कागदाचा फोटो काढून डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप गटात टाकला की लागू होतो. एक्स-रेच्या कोपऱ्यात रुग्णाचं नाव असतं, हे तेव्हा लक्षात राहत नाही.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये, म्हणजे २०२१ पासून देशभर सुरू झालेल्या योजनेत, प्रत्येकाला चौदा आकडी 'आभा' क्रमांक मिळतो आणि एका रुग्णालयातले कागद दुसरीकडे न्यायचे तर रुग्णाची परवानगी लागते. कल्पना उत्तम आहे. पुण्यात तपासलेल्या बाईचे रिपोर्ट बार्शीच्या डॉक्टरला पाच मिनिटांत दिसतील, आणि तेही तिने हो म्हटल्यावर. ती परवानगी, तो ओटीपी, रिपोर्ट तयार झाल्याचा संदेश, सगळं एका मोबाइल नंबरवर जातं. नोंदणीच्या खिडकीवर तो नंबर विचारला जातो तेव्हा ती बाई मागे वळून पाहते. नंबर मुलगा सांगतो, नाहीतर नवरा, आणि पलीकडचा माणूस तो लिहून घेतो. "हा फोन तुमच्याकडे असतो का, मावशी?" एवढं विचारायला पाच सेकंद लागतात. त्या खिडकीवरच्या कुणालाही अजून ते शिकवलेलं नाही.